सेवा, उपकार आणि हक्क

सेवा हा शब्द वारकऱ्याला शिकवावा लागत नाही. वारीच्या वाटेवर कुणी पाण्याचा हंडा घेऊन उभा असतो, कुणी थकल्याभागल्याचे पाय चेपतो, कुणी भाकरीची टोपली उघडून बसतो. घेणारा संकोचत नाही आणि देणारा हिशेब ठेवत नाही. ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई आहे. पण तेच 'हक्क' हा शब्द निघू द्या, की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. हक्क म्हणजे कोर्टकचेरी, हक्क म्हणजे भाऊबंदकी, हक्क म्हणजे हमरीतुमरी, असे काहीसे मनात बसले आहे. सेवा तेवढी गोड आणि हक्क तेवढा कडू! हे दोन शब्द खरोखरच एकमेकांचे वैरी आहेत काय, याचा विचार आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

त्याला कारणही तसेच आहे. आज जगभर लाखो तरुण मुलेमुली स्वयंसेवक म्हणून घराबाहेर पडतात. एका देशाची मुले दुसऱ्या देशात जातात, शहरातली खेड्यात जातात, एका धर्माची, एका भाषेची मुले दुसऱ्यांच्या वस्तीत राहून काम करतात. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या शिबिरांतून कॉलेजातली मुले गावोगाव जातात, आणि पालखीच्या मुक्कामांवरही हल्ली ती हातात झाडू घेऊन दिसतात. अशा तरुणांना नुसते सेवेला धाडू नये, त्यांना मानवी हक्कांचे शिक्षणही द्यावे, असा विचार आता जगात मान्य झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ डिसेंबर २०११ रोजी या शिक्षणाविषयी एक स्वतंत्र घोषणापत्रच संमत केले. पुढे या शिक्षणाचा जो जागतिक कार्यक्रम चालला, त्याचा २०२० ते २०२४ हा टप्पा मुख्यतः तरुणांसाठी राखून ठेवला होता.

यावर कुणी भाविक विचारील, "काय हो, सेवेला निघालेल्या पोराला हक्क कशाला शिकवायचे? त्याच्या मनात प्रेम असले म्हणजे झाले!" ही शंका खोटी नाही. म्हणून प्रथम तिचाच विचार करू.

एक कल्पना करा. शहरातली पन्नास मुले एका गावी दहा दिवसांच्या शिबिराला आली. मुले गुणी, मनाने निर्मळ. उन्हातान्हात राबून त्यांनी गावाला पाण्याचा एक सुरेख हौद बांधून दिला. शेवटच्या दिवशी नारळ फुटला, सत्कार झाला, मुले डोळे पुसत परत गेली. आता त्या गावच्या शेवटच्या वस्तीतली एक बाई म्हणते, "हौद झाला खरा, पण तो बांधला पाटलाच्या वाड्यासमोर. तिथे आम्ही हंडा घेऊन गेलो की चार डोळे आमच्यावर रोखले जातात. आमचं पाणी आहे तिथंच राहिलं." त्या मुलांच्या प्रेमात काही खोट होती का? मुळीच नाही. त्यांनी घाम गाळला नाही का? गाळला. मग उणे काय पडले? हौद कुठे बांधावा, हे त्यांनी त्या बाईला विचारले नाही. तिला विचारायचे असते, तिला त्या बाबतीत बोलण्याचा अधिकार आहे, हे त्यांच्या मनातच आले नाही. कारण आपण देणारे आणि ती घेणारी, एवढेच त्यांना ठाऊक होते.

उपकार आणि हक्क यांतला फरक तो हाच. उपकारात सगळा अधिकार देणाऱ्याकडे असतो. काय द्यावे, कुणाला द्यावे, कधी बंद करावे, हे त्याने ठरवायचे. घेणाऱ्याने हात जोडायचे. हक्काची गोष्ट निराळी. तिथे घेणाऱ्याला तोंड असते. तो म्हणू शकतो, "हे नको, ते पाहिजे." तो म्हणू शकतो, "तुमचे चुकते आहे." आणि उद्या देणाऱ्याची मर्जी फिरली, तरी तो उभा राहून मागू शकतो. उपकार घेणारा माणूस वाकतो. हक्काचे घेणारा माणूस ताठ राहतो, आणि ताठ राहूनही त्याला प्रेमाने हात जोडता येतात. असे जोडलेले हातच खरे हात म्हणायचे.

आता दुसरी शंका, आणि ती अधिक खोल आहे. आपला सगळा परमार्थ मुळी 'मी' आणि 'माझे' सोडण्याचा. आणि हक्क म्हणजे तर 'माझे मला द्या' अशी मागणी! ज्याने अहंकार टाकायचा, त्याने हक्काची भाषा कशी बोलावी? महात्मा गांधींच्या मनातही याच जातीचा एक विचार होता. १९४७ साली युनेस्को या संस्थेने जगातल्या विचारवंतांना मानवी हक्कांविषयी मत विचारले, तेव्हा गांधीजींनी संस्थेचे प्रमुख ज्यूलियन हक्स्ली यांना पत्र लिहून कळवले की, सगळे हक्क कर्तव्य नीट पार पाडण्यातून उगवतात, आणि हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईपासून शिकलो. या उत्तरापुढे कुणाचीही मान लवावी.

पण कर्तव्य कुणाचे आणि हक्क कुणाचा, हे नीट पाहिले पाहिजे. आमचे म्हणणे असे : माझा हक्क मी आपखुशीने सोडला, तर त्याला त्याग म्हणतात. दुसऱ्याचा हक्क मी सोडून दिला, तर त्याला त्याग म्हणत नाहीत. सरळ चोरी म्हणतात. घास सोडायचा तो आपल्या ताटातला. शेजारच्या ताटातला घास उचलून 'आम्ही विरक्त' म्हणणे हा कुठला परमार्थ? भुकेल्या माणसाला 'बाबा, तू मी-माझे सोड' असा उपदेश पोट भरलेल्याने करू नये. तेव्हा मानवी हक्कांचे शिक्षण म्हणजे आपले मागण्याचे शिक्षण, ही समजूत अपुरी आहे. स्वयंसेवकाच्या दृष्टीने त्याचा पहिला धडा उलटा आहे : समोरच्याचे माझ्याकडे काय लागते, हे ओळखणे. असे पाहिले की गांधीजींचे कर्तव्य आणि हा हक्क एकाच नाण्याच्या दोन बाजू होतात. त्याचा जो हक्क, तेच माझे कर्तव्य.

तिसरी शंका विद्वानांची आहे. ते म्हणतात, "मानवी हक्क ही पश्चिमेकडची कल्पना. प्रत्येक समाजाची रीत वेगळी, नीती वेगळी. एका समाजाचे माप दुसऱ्याला कसे लावायचे?" ही शंका आपल्याकडचीच आहे असेही नव्हे. १९४७ साली अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच असे निवेदन काढले होते की, एकाच संस्कृतीची मूल्ये धरून सगळ्या जगासाठी जाहीरनामा करू नका. परक्या मुलखात जाणाऱ्या स्वयंसेवकाने हा इशारा पदराच्या गाठीला बांधून ठेवावा. आपलेच शहाणपण तेवढे खरे, असे मानून दुसऱ्याच्या अंगणात शिरणारा माणूस सेवेच्या नावाखाली राज्यच करायला निघालेला असतो.

पण त्या जाहीरनाम्याचा इतिहास पाहा. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा संमत झाला. ४८ राष्ट्रांनी बाजूने मत दिले, ८ तटस्थ राहिली, विरोधात एकही गेले नाही. तो लिहिणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट होत्या हे खरे. पण त्या मेजाभोवती लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, चीनचे पेंग चुन चांग होते आणि भारताच्या हंसाबेन मेहता होत्या. पहिल्या कलमात माणसाला बुद्धी आहे एवढेच म्हणणे चांग यांना पुरेसे वाटेना. एका माणसाला दुसऱ्या माणसाची जी जाणीव असते, तिच्यासाठी चिनी परंपरेत एक शब्द आहे. तो आशय आत यावा असा त्यांनी आग्रह धरला, आणि त्यातून बुद्धीच्या जोडीला सदसद्विवेक हा शब्द आला. त्याच कलमाच्या इंग्रजी मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. हंसाबेनांनी हटकले की, याचा आधार घेऊन उद्या कुणी बायकांना बाहेर ठेवील. आणि त्यांच्या आग्रहाने तिथे 'सर्व मानव' असे शब्द आले. आपली मराठी या बाबतीत मोठ्या मनाची आहे बघा. आपण 'गडीमाणूस' म्हणतो, तसेच 'बाईमाणूस'ही म्हणतो. माणूसपण दोघांच्याही नावात आहे. बोलीत आहे तेवढे वागण्यात यायचे मात्र राहिले आहे.

तेव्हा हक्काची कल्पना एकाच मुलखाची मिरास नाही. आणि समजा असती, तरी दुसरा एक प्रश्न उरतोच. 'ही आमची संस्कृती आहे, यात हात घालू नका' असे जेव्हा कुणी म्हणतो, तेव्हा म्हणणारा कुठे बसला आहे ते पाहावे. तो बहुधा पंगतीत वरच्या पाटावर बसलेला असतो. दाराबाहेर उभा असलेला माणूसही त्याच संस्कृतीचा आहे. त्याला कुणी विचारले का? प्रत्येक समाजात रीत सांगणारा असतो आणि ती रीत सोसणाराही असतो. स्वयंसेवकाने दोघांचेही ऐकावे, पण सोसणाऱ्याचे आधी ऐकावे. असे केले म्हणजे बाहेरचे माप लावावे लागत नाही. मापणारा त्याच घरात सापडतो.

यासाठी दूर कशाला जायचे? १९२७ साली महाडला काय झाले? २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे दुसरी परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले की, हे पाणी प्यालो नाही तर आम्ही मरू असे नाही; इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी आम्ही तळ्यावर जातो. कुणा दयाळू माणसाने त्यांच्या वस्तीत रोज पाण्याच्या घागरी पोचवल्या असत्या, तर तहान भागली असती. प्रश्न भागला नसता. तहान पाण्याची होती त्याहून अधिक बरोबरीची होती. हा आवाज परक्या मुलखातून आलेला नव्हता. तो कोकणातल्या तळ्याच्या काठावरून उठला होता, आणि पॅरिसचा जाहीरनामा व्हायला अजून २१ वर्षे अवकाश होता.

आणि आपल्या पंढरपूरचे काय? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. ज्यांच्या भक्तीची थोरवी आपण कीर्तनात गातो, त्यांना जिवंतपणी देवळाच्या आत पाऊल टाकता आले नाही, ही गोष्ट प्रत्येक वारकरी जाणतो. शतके गेली, तरी त्यांच्या जातिबांधवांना दार बंदच राहिले. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, आणि त्याच महिन्यात दार उघडण्याचे ठरले. पण त्या उपोषणाआधी जे घडले ते आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. गुरुजींनी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर दौरा केला. राष्ट्र सेवा दलाचे तरुण कलापथक घेऊन हिंडले. गाणी, नाट्यप्रवेश, सभा यांतून लोकांची मने वळवण्याचा उद्योग झाला, आणि ठिकठिकाणी देवळे आणि पाणवठे खुले झाले. मानवी हक्कांचे शिक्षण हे नाव तेव्हा कुणी घेतले नसेल. पण तरुण स्वयंसेवकांनी ते दिले आणि देता देता ते स्वतःही शिकले. पुढे गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्यांच्या घरी राहावे, त्यांची सुखदुःखे समजून घ्यावी, असे तिचे स्वरूप. ज्याच्या हक्काची गोष्ट बोलायची, त्याच्या भाषेत निदान 'तुम्हांला काय वाटतं?' एवढे तरी विचारता आले पाहिजे, हा त्यातला मुख्य भाव.

हे शिक्षण द्यायचे तरी कसे? २०११ च्या घोषणापत्रात त्याची तीन अंगे सांगितली आहेत. हक्कांविषयी शिकणे, हक्कांच्या रीतीने शिकणे आणि हक्कांसाठी शिकणे. आपण मृदंगाचा दाखला घेऊ. बोल तोंडपाठ करणे हे पहिले अंग. हात प्रत्यक्ष मृदंगावर ठेवून बसणे, हे दुसरे. आणि भजनात उभे राहून दुसऱ्याच्या गळ्याला साथ करणे, हे तिसरे. नुसते बोल पाठ असलेला मुलगा मृदंगी होत नाही. तसाच जाहीरनाम्याची तीसही कलमे घडाघडा म्हणणारा मुलगा हक्क शिकला असे होत नाही. जो शिबिरप्रमुख 'सर्व माणसे समान' यावर तासभर व्याख्यान देतो आणि नंतर मुलींना भांडी घासायला व मुलांना सभेचे नियोजन करायला बसवतो, त्याचे खरे व्याख्यान कोणते? मुले दुसरेच लक्षात ठेवतात.

युरोप परिषदेने २००२ साली तरुणांसाठी या शिक्षणाचे एक पुस्तक काढले. त्याचे नाव 'कंपास', म्हणजे होकायंत्र. पुष्कळ देशांत ते त्या त्या भाषेत वापरले जाते. त्यात एक खेळ आहे. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी मिळते. कुणी सावकाराचा मुलगा, कुणी निर्वासित, कुणी अपंग मुलगी, कुणी झोपडीतला मजूर. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही. सगळे एका ओळीत उभे राहतात. मग एकेक वाक्य वाचले जाते : माझे मत लोक विचारात घेतात, मला रात्री रस्त्याने जायला भय वाटत नाही, आजारी पडलो तर औषधपाणी मिळते. आपल्या चिठ्ठीतल्या माणसाला हे लागू पडत असेल, तर एक पाऊल पुढे टाकायचे. वीसेक वाक्ये झाली की पाहावे. एकाच ओळीत उभी असलेली मुले अंगणभर पांगलेली असतात. कुणी पार पुढे भिंतीला टेकलेला, कुणी होता तिथेच. मागे राहिलेल्याला पुढच्यांच्या पाठी दिसतात. पुढे गेलेल्याला मागचे दिसतच नाहीत. मान वळवावी लागते. मान वळवायला शिकवणे, एवढेच या खेळाचे काम.

हा खेळ आपल्या गावात खेळायचा तर वाक्येही आपल्या मातीची हवीत. ऊसतोडीला जाणाऱ्याची मुलगी, गटार साफ करणारा कामगार, पालावर राहणारे कुटुंब, नवरा गेलेली बाई, अशा चिठ्ठ्या घालाव्या. आणि वाक्ये अशी : हळदीकुंकवाला मला बोलावणे येते, माझ्या हातचा चहा गावात सगळे घेतात, शाळेच्या दाखल्यासाठी मला चार खेटे घालावे लागत नाहीत. एक जपावे मात्र लागते. ज्या मुलाची खरी गत त्या चिठ्ठीसारखीच आहे, त्याचे दुःख खेळाचा विषय होता कामा नये. त्याला बोलायचे असेल तर बोलू द्यावे, गप्प राहायचे असेल तर तोही त्याचा हक्कच आहे.

परक्या मुलखातली सेवा कशी करावी, याचा एक जुना धडा स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी घालून दिला. वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेले, स्वतः शिकलेले इंजिनियर. पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० साली त्यांनी निरनिराळ्या देशांच्या मूठभर स्वयंसेवकांना बरोबर घेतले आणि फ्रान्समध्ये वर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात घरे व रस्ते नीट करण्याचे काम आरंभले. त्यांत जर्मनही होते, म्हणजे काल ज्या राष्ट्राच्या तोफांनी ते गाव पाडले त्याच राष्ट्राचे लोक. भाव फार उदात्त होता. पण तिथल्या लोकांच्या जखमा ओल्या होत्या. विरोध झाला आणि काही महिन्यांतच काम थांबवावे लागले. आम्हांला या कथेत त्यांचे काम थांबले हेच अधिक शिकवण्यासारखे वाटते. ज्याचे घर पडले, त्याला 'तुमचा हात नको' म्हणण्याचा हक्क होता. सेवा करणाऱ्याला नकार पचवता आला पाहिजे. सेरेसोल यांना तो पचला. त्यांनी फावडे टाकले नाही, ते दुसरीकडे नेले. १९२८ साली लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात पूर ओसरल्यावर अनेक देशांचे शेकडो स्वयंसेवक त्यांच्या संघटनेतून चिखल उपसायला आले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल तिकडे आले आणि बेघरांची गावे पुन्हा उभी करण्याच्या कामात स्वतः राबले. व्याख्यान कमी आणि कुदळ जास्त, ही त्यांची पद्धत. बरोबरीने घाम गाळला की बरोबरीने बोलता येते.

हे सगळे ऐकून वाचक विचारतील, "याचा आमच्या वारीशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

वारीत आपण एकमेकांना माउली म्हणतो, एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो. इतकी मोठी बरोबरीची शाळा जगात फार थोड्या ठिकाणी असेल. तरी याच वाटेवर चालून इरावतीबाई कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवले की, एकत्र भजन करणारे लोक जेवायला मात्र जातवार वेगळे बसत. ते दिवस आता पुष्कळ मागे पडले आहेत. पण एक चिठ्ठी अजून मागच्या ओळीत उभी आहे. आषाढीला लाखो माणसे पंढरीत येतात, चंद्रभागेत स्नान करतात, आणि आपापल्या गावी आनंदाने परततात. मागे जी घाण राहते, ती कोण उचलतो? वर्षानुवर्षे ती माणसांनी हाताने उचलली. कोणत्या जातीच्या माणसांनी, हे सांगायला नको. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. हाताने मैला उचलायला लावण्यास १९९३ च्या आणि त्याहून कडक अशा २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात उतरून दगावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढली याचे समाधान मानायचे, की ती देण्याची पाळी अजून येते याची लाज धरायची?

हल्ली मुक्कामांवर फिरती शौचालये उभी राहतात, विद्यार्थी स्वयंसेवक लोकांना हात जोडून तिकडे वळवतात. हे फार चांगले झाले. पण याच मुलांना आम्ही एक गोष्ट सांगू इच्छितो. बाळांनो, तुमच्या हातातला झाडू एका दिवसाचा आहे. तुमच्या शेजारी उभा असलेल्या त्या कामगाराच्या हातातला झाडू जन्माचा आहे. तुमच्या झाडूचा फोटो निघतो, त्याच्या झाडूचा निघत नाही. संध्याकाळी तुम्ही अंघोळ करून भजनाला बसाल. त्याला अंघोळीला पाणी मिळाले का, हे विचारा. हातमोजे आणि बूट मिळाले का, ठेकेदाराने पूर्ण मजुरी दिली का, हे विचारा. आणि विचारताना उपकाराच्या सुरात विचारू नका. तो ताठ मानेने सांगू शकेल असे विचारा, आणि तो तुमच्यावरच रागावला तर ते ऐकून घ्या. त्याचे जे राहिले असेल ते मागताना तो पुढे आणि तुम्ही त्याच्या मागे, असे उभे राहा. एवढे जमले तर जाहीरनाम्याचे पहिले कलम तुम्हांला कळले असे आम्ही समजू.

आणि आपण मोठ्यांनी काय करावे? मुलांना शिकवायचे ते आपण आधी वागून दाखवावे. दिंडीच्या प्रमुखांनी मुक्कामाची जागा सोडताना मागे वळून पाहावे. आपल्या घाणीचा भार दुसऱ्याच्या हातावर टाकून कुणाच्या पायावर डोके ठेवले, तर त्या नमस्कारात काहीतरी उणे राहते. दिंडीत पाण्याचा टँकर येतो, तेव्हा शेवटच्या माणसाला मिळाले का हे पाहणारा एक तरुण नेमावा. बायांना रात्री निर्धास्त आडोसा आहे का, हे बायांनाच विचारावे. पुरुषांनी आपसांत ठरवू नये. कर्नाटकातून, तेलंगणातून येणाऱ्या वारकऱ्याची भाषा येणारा एखादा तरी सेवेकरी चौकशीच्या ठिकाणी असावा. या लहान गोष्टी आहेत. पण जाहीरनामा पाचशेहून अधिक भाषांत गेला आहे, आणि तरी तो कुणाच्या तरी चुलीपर्यंत, पाणवठ्यापर्यंत, झाडूपर्यंत पोचायचा राहिलेलाच असतो. शेवटचे ते अंतर कागदाला चालता येत नाही. ते पायांनीच चालावे लागते, आणि चालणे तर आपल्याला येते.

तात्पर्य, सेवा आणि हक्क यांचे वैर नाही. हक्क विसरलेली सेवा उपकार होते, आणि उपकार माणसाला लहान करतो. सेवा विसरलेला हक्क कोरडा होतो, आणि कोरड्या हक्काने मने जोडत नाहीत. दोन्ही एकत्र आले म्हणजे देणारा आणि घेणारा हा भेदच निघून जातो. तेव्हा तरुणांनी सेवेला जरूर निघावे. पण निघताना एक प्रश्न खिशात घालून निघावे. 'मी यांच्यासाठी काय करू?' हा प्रश्न चांगला आहे. त्याच्याही आधीचा प्रश्न मात्र असा : 'माझ्याकडे यांचे काय लागते?' ज्याने हा प्रश्न मनापासून विचारला, त्याला समोरच्या माणसात माउली दिसायला फार वेळ लागणार नाही.

रामकृष्णहरि.